एकशे एकवीस

आमचं मराठी मंडळ दिवाळीच्या कार्यक्रमासाठी एका प्राथमिक शाळेचा हॉल भाड्यानं घेतं. खुर्च्या आपणच मांडायच्या, आपणच रचून ठेवायच्या, आणि फरशीवर रांगोळीचा ठिपका जरी राहिला तरी अनामत रकमेतून पैसे कापून घेतात. गेल्या वर्षी फराळाच्या टेबलाशी एक दहा वर्षांचा मुलगा कागदी डिश घेऊन उभा होता. चिवड्यातले काजू वेचून झाले होते, आता शेंगदाण्यांवर आला होता. एका काकूंनी करंज्या वाढता वाढता त्याला विचारलं, "काय रे, किती आले तुला?" कशात, हे सांगायची गरज नव्हती. ऑक्टोबरचे शेवटचे दिवस, निकालाचा ईमेल नुकताच येऊन गेलेला. तो म्हणाला, "एकशे अठरा." लगोलग मागून त्याची आई म्हणाली, "रिव्ह्यूला टाकतोय आम्ही." म्हणजे निकालाचा फेरविचार मागणार. काकू म्हणाल्या, "अगं बाई, तीनच कमी!" आणि त्याच्या डिशमध्ये एकाऐवजी दोन करंज्या पडल्या.

गोष्ट एवढीच. पण घरी येताना गाडीत आणि नंतरही कितीतरी दिवस ती डोक्यातून जाईना. मुलानं आकडा सांगितला तो बुटाचा नंबर सांगावा इतक्या सहज. वजाबाकी केली ती आम्ही. टेबलाभोवतीच्या प्रत्येक मोठ्या माणसाच्या चेहऱ्यावर ती उमटून गेली. तो पंचाण्णव म्हणाला असता तर काकूंनी "शेव संपली का गं?" म्हणून विषय बदलला असता. एकशे तीस म्हणाला असता तर पाठीवर थाप पडली असती. तीननं हुकलं म्हणून सांत्वन, आणि सांत्वनाची करंजी. दुसरी करंजी आपल्याला कशाबद्दल मिळाली हे त्याला कळलं असेल का, याचा विचार मी अजून करते.

इंग्लंडमधल्या आमच्या बकिंगहॅमशर काउंटीत एकशे एकवीस म्हणजे ग्रामर स्कूल, परीक्षेतून मुलं निवडणारी सरकारी माध्यमिक शाळा. एकशे वीस म्हणजे नाही.

इथल्या सहावीचं वर्ष सुरू झालं की सप्टेंबरातल्या एका सकाळी मुलं आपल्याच प्राथमिक शाळेत बसून ही परीक्षा देतात. दोन पेपर. सूचना शिक्षक देत नाहीत, रेकॉर्ड केलेला आवाज देतो, म्हणजे सगळ्या काउंटीत तेच शब्द, तोच वेग. उत्तरं वेगळ्या कागदावर, पेन्सिलीनं खूण करून. एका पेपरात उतारा, शब्दांचे अर्थ, अक्षरांची कोडी. दुसऱ्यात गणित आणि आकृत्या. ऑगस्टमध्ये जन्मलेलं मूल वर्गातल्या सप्टेंबरच्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षानं लहान असतं, म्हणून वयाचा हिशोब करून गुण जुळवतात. सगळं इतकं काटेकोर की भांडायला जावं तर कुठून सुरुवात करावी कळत नाही. माझ्या मुलीच्या वेळी सरावाची पुस्तकं पहिल्यांदा घरात आली तेव्हा मी एक उघडलं आणि मला हसूच आलं. पाच आकृत्या, त्यातली गटात न बसणारी ओळखा. घडी घातलेल्या कागदाला भोक पाडलं, उलगडल्यावर तो कसा दिसेल. ही तर आमची स्कॉलरशिप! चौथीत आम्हाला शाळा भरायच्या आधी सकाळी सातला जादा तास असायचे. थंडीत बोटं पेन्सिल धरायला तयार नसायची आणि सर फळ्यावर घड्याळ काढून विचारायचे, "पावणेतीन वाजलेत. आरशात किती दिसतील?" "सव्वानऊ, सर!" ते सव्वानऊ मी अजून विसरलेले नाही. आणि नवनीतच्या गाईडचा तो खरबरीत पिवळट कागदही नाही, दोनदा खोडलं की फाटायचा.

म्हणूनच इथल्या आपल्या लोकांना ही परीक्षा परकी वाटत नाही. पुण्याहून, नागपूरहून, सोलापूरहून नोकरीच्या निमित्तानं आलेली माणसं आम्ही. घर कुठल्या रस्त्यावर घ्यावं, दर रविवारी कुठल्या चर्चमध्ये दिसावं म्हणजे त्यांच्या शाळेत नंबर लागतो, यातलं काहीच आम्हाला कळत नव्हतं. परीक्षा कळत होती. अमुक तारीख, अमुक विषय, अमुक गुण. ऑफिसातला माझा एक इंग्रज सहकारी ग्रामर शाळांच्या नावानं बोटं मोडतो, दहा वर्षांच्या पोरांना चाळणी लावणं हा रानटीपणा आहे म्हणतो, आणि ते मला पटतंही. पण त्यानं स्वतः घर घेतलं ते दुसऱ्या काउंटीत, एका नावाजलेल्या कॉम्प्रिहेन्सिव्ह, म्हणजे परीक्षेशिवाय सगळ्यांना घेणाऱ्या शाळेपासून चालत पाच मिनिटांवर, आणि त्या पाच मिनिटांचे पैसे घराच्या किमतीत मोजले. त्याच्या मुलांना कुणी आकृत्या ओळखायला लावल्या नाहीत. बँकेनं त्याच्या पगाराची स्लिप ओळखली. त्याच्याशी बोलताना माझ्या आतली स्कॉलरशिपची मुलगी दर वेळी उसळून येते: परीक्षा निदान माझा पत्ता तरी विचारत नाही! आता हेही पुरतं खरं नाही. पात्र मुलं जागांपेक्षा जास्त झाली की ग्रामर शाळाही घराकडेच बघते, आणि लंडनच्या बाजूनं येऊन परीक्षा देणारी कितीतरी मुलं पास होऊनही बाहेर राहतात.

आमच्या शेजारच्या बाई ऐंशीला टेकल्या आहेत. वर्तमानपत्रातलं क्रिप्टिक शब्दकोडं त्या पेनानं सोडवतात, पेन्सिलीनं नाही. मला त्यातली एक ओळसुद्धा सुटत नाही. मुलगी परीक्षेला बसते आहे हे कळल्यावर त्या कुंपणापलीकडून म्हणाल्या, "मी नापास झाले होते. सत्तावन्न साली." त्यांची मोठी बहीण आधी पास झाली होती आणि तिला सायकल मिळाली होती, तेव्हा कितीतरी घरांत हा रिवाजच होता, पास झालात तर सायकल. यांच्या वेळी आईनं पाकीट फोडलं, कागद वाचला, घडी करून भिंतीवरच्या घड्याळामागे सरकवला आणि बटाटे सोलायला घेतले. बहीण टोपी आणि ब्लेझर घालून एका बसनं जायची, या दुसऱ्या. तिला लॅटिन आणि फ्रेंच, यांना स्वयंपाक, शिवण आणि टायपिंग. पंधराव्या वर्षी शाळा सुटली, कारण कायद्यानं तेव्हा तेवढंच शिकवणं भाग होतं. पुढे खूप वर्षांनी त्यांच्या वाचनात आलं की त्या काळात पुष्कळ ठिकाणी मुलींसाठी पास होण्याची रेघ मुलांपेक्षा वर ठेवत. त्या वयात मुलींना गुण जास्त पडतात, आणि मुलींच्या ग्रामर शाळांत जागा कमी. "आमच्याकडे तसं होतं की नाही, मी कधी शोधलं नाही," त्या म्हणाल्या. "शोधून करू काय?"

१९४४ च्या बटलर कायद्यानं माध्यमिक शिक्षण सगळ्यांसाठी फुकट झालं, आणि त्याच्याच पोटी ही विभागणी आली. डोकं चालणाऱ्यांना ग्रामर, हात चालणाऱ्यांना टेक्निकल, उरलेल्यांना सेकंडरी मॉडर्न. तिन्हींना सारखाच मान, असं कागदावर. टेक्निकल शाळा फारशा निघाल्याच नाहीत, त्यामुळे प्रत्यक्षात राहिले दोनच प्रकार, पास आणि नापास. अकराव्या वर्षी मुलाची बुद्धी मोजता येते आणि ती पुढे जन्मभर तेवढीच राहते, या समजुतीला शास्त्राचं पाठबळ देणाऱ्यांत सिरिल बर्ट हे मानसशास्त्रज्ञ आघाडीवर होते. १९७१ मध्ये ते वारले, आणि त्यानंतर काही वर्षांत त्यांच्या जुळ्या भावंडांच्या अभ्यासातले आकडेच संशयास्पद असल्याचं बाहेर आलं. तोवर शेजारच्या बाईंची मुलं शाळेत जायला लागली होती.

१९६५ मध्ये मजूर पक्षाच्या सरकारनं, अँथनी क्रॉसलंड शिक्षणमंत्री असताना, परिपत्रक काढलं की सगळ्या मुलांसाठी एकच कॉम्प्रिहेन्सिव्ह शाळा हवी, त्या दृष्टीनं आराखडे पाठवावेत. पण ती विनंती होती, हुकूम नव्हता, आणि सरकारी विनंतीचं काय होतं हे आपल्याला कुणी शिकवायला नको. बहुतेक ठिकाणी ग्रामर शाळा गेल्या. काही काउंट्यांनी चालढकल केली. १९७६ मध्ये सक्तीचा कायदा झाला, १९७९ मध्ये थॅचर बाईंच्या सरकारनं तो रद्द केला, आणि चालढकल करणारे तरले. गंमत अशी की त्याच थॅचर बाई १९७० ते १९७४ शिक्षणमंत्री होत्या, तेव्हा जितक्या शाळा कॉम्प्रिहेन्सिव्ह करायला मंजुरी मिळाली तितकी दुसऱ्या कुठल्याच मंत्र्याच्या हातून मिळाली नाही. आज इंग्लंडमध्ये १६३ ग्रामर शाळा उरल्यात, माध्यमिक शाळांतल्या शंभरातली पाचेक मुलं त्यात जातात. १९९८ च्या कायद्यानं नवीन काढायला बंदी घातली, आणि आहेत त्या मोडायच्या तर पालकांनी मतदान मागावं अशी सोय ठेवली. ते मतदान आजवर एकदाच झालं, २००० साली यॉर्कशरमधल्या रिपनमध्ये, आणि पालकांनी शाळा राखली. टेरेसा मे यांनी २०१६ मध्ये बंदी उठवायचा घाट घातला होता. पुढच्या वर्षी निवडणुकीत बहुमत गेलं आणि तो बारगळला. मे बाईंची स्वतःची ग्रामर शाळा त्या तिथं शिकत असतानाच कॉम्प्रिहेन्सिव्ह झाली होती. कीर स्टार्मर यांची ते शिकत असताना फीवाली खाजगी झाली. एकाच पिढीतल्या दोन पंतप्रधानांच्या शाळा त्यांच्या पायांखालून दोन दिशांना सरकल्या, तरी वादात मात्र कुणी तसूभर सरकत नाही. १९६४ ते १९९७ मधले पाचही पंतप्रधान, विल्सन, हीथ, कॅलहॅन, थॅचर, मेजर, ग्रामरचेच, हे मला इथल्या प्रत्येक पार्टीत कुणीतरी ऐकवतं. थॅचरसारखी किराणा दुकानदाराची मुलगी पंतप्रधान झाली की नाही? झाली ना. पण तिच्या रस्त्यावरच्या ज्या मुली त्या शाळेत गेल्या नाहीत त्यांचं काय झालं, हे विचारलं की लोक उठून दुसरं ड्रिंक आणायला जातात.

बकिंगहॅमशरनं ग्रामर सोडलं नाही. पण १९६७ मध्ये याच काउंटीत मिल्टन कीन्स हे नवं शहर वसवायचं ठरलं, आणि तिथं मात्र कॉम्प्रिहेन्सिव्ह शाळा निघाल्या. माझी कॉलेजातली मैत्रीण तिथं राहते. आमच्या ॲलिसबरीहून गाडीनं पाऊण तासाची वाट, मध्ये शेतं आणि दोन-चार गावं. तिची मुलगी आणि माझी एकाच वयाच्या. माझी जेव्हा उन्हाळ्याच्या सुट्टीत रोज सकाळी वेळ लावून पेपर सोडवत होती तेव्हा तिची वाढदिवसाला मिळालेल्या टेंटमध्ये बागेत झोपत होती. कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये सगळं एकसारखं असतं अशी माझी समजूत तिनंच मोडली. गणिताला सेट, म्हणजे कुवतीनुसार पाडलेले गट असतात, पहिल्यापासून पाचव्यापर्यंत, आणि पाचव्यात कोण आहे हे सगळ्यांना पक्कं ठाऊक असतं. तिची मुलगी इंग्रजीला पहिल्या सेटमध्ये आणि गणिताला तिसऱ्यात होती; वर्षभरानं दुसऱ्यात आली. "आमच्याकडेपण रडारड असते गं," मैत्रीण म्हणाली, "फक्त ती दर सत्राला नव्यानं असते."

हे ऐकताना मला आमच्या तुकड्या आठवल्या.

पाचवीला अ, ब, क, ड. चौथीच्या वार्षिक गुणांवरून यादी लागायची. मी अ तुकडीत होते. दोन वर्षांनी माझा धाकटा भाऊ त्याच शाळेत पाचवीला आला तो ड मध्ये. अ तुकडीचे वर्ग दुमजली इमारतीत, स्लॅबखाली. ड तुकडी सायकल स्टँडच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये. पाऊस सुरू झाला की पत्र्याच्या आवाजात बाईंचं काही ऐकू यायचं नाही. मग त्या फळ्यावर लिहून द्यायच्या आणि मुलं उतरवून घ्यायची, आणि पाऊस लांबला की धडाही तसाच उतरवून संपायचा. गणिताचे नावाजलेले सर अ आणि ब ला. ड ला ज्यांचा तास मोकळा असेल ते. एक वर्षभर चित्रकलेचे सर बीजगणित शिकवत होते, आणि मुलांच्या वह्यांतली समीकरणं दिसायला फार सुंदर होती असं भाऊ सांगतो. हे कुणी दुष्टपणानं ठरवत होतं असं मला वाटत नाही. वेळापत्रक आपोआप तसं बसायचं. दहावीच्या निकालात मग अ तुकडीचे फोटो पेपरात. माझ्या त्या गुणांत माझं डोकं किती, सरांचं शिकवणं किती आणि डोक्यावरचा स्लॅब किती, हा हिशोब मला अजून मांडता आलेला नाही. घरी पाहुणे आले आणि "कितवीत?" म्हणून विचारलं की मी एका दमात "सातवी अ" सांगायचे. भाऊ "पाचवी" एवढंच म्हणायचा आणि पुढचा प्रश्न यायच्या आत अंगणात पसार व्हायचा.

तो आता साताऱ्यात असतो, बरं चाललंय त्याचं. एकदा फोनवर त्याला इथल्या परीक्षेचं सगळं सांगितलं. मला वाटलं, तो चिडेल. तो म्हणाला, "म्हणजे तुकडी नाही, अख्खी शाळाच वेगळी? मग बरंय की, ताई. तुमचा स्लॅब रोज नजरेला तरी पडला नसता." कॉम्प्रिहेन्सिव्हच्या बाजूनं माझ्याकडे जेवढे मुद्दे होते ते सगळे त्या वाक्यापुढे थोडा वेळ गप्प बसले.

आणि मुलीची शाळा खरोखर चांगली आहे. ती लॅटिन शिकते, जेवणाच्या सुट्टीत वाद्यवृंदाच्या तालमीला जाते, बसमध्ये तिच्या मैत्रिणी आवर्तसारणीवरून भांडतात. प्राथमिक शाळेत ती हात वर करायची बंद झाली होती, कारण उत्तर आलं की मागच्या बाकावरून हसायचे. इथं पहिल्या महिन्यात घरी येऊन म्हणाली, "आई, इथं उत्तर आलं तरी कुणी हसत नाही." मला भरून आलं. आणि भाजी फोडणीला टाकता टाकता असंही वाटलं की कुणी न हसण्याचं हे सुख एकशे एकवीसच्या अलीकडच्या पोरांना का नसावं? २०१३ मध्ये सटन ट्रस्ट या शिक्षणातल्या विषमतेवर काम करणाऱ्या संस्थेनं अहवाल काढला, त्यात ग्रामर शाळांतल्या शंभर मुलांमध्ये शाळेत फुकट जेवण मिळण्याइतकी गरीब तीनसुद्धा नव्हती. त्यानंतर बऱ्याच शाळांनी गरीब घरच्या मुलांसाठी थोडी सवलत ठेवली, पण मुलीच्या वर्गाचे फोटो बघताना मागच्या गाड्या दिसतातच. २०१८ मध्ये डरहम विद्यापीठातल्या स्टीफन गोरार्ड आणि नादिया सिद्दीकी यांनी आकडे तपासून दाखवलं की ग्रामरचे झळझळीत निकाल मुळात तिथं कुठली मुलं जातात त्यातूनच येतात. अ तुकडीत बसलेल्या बाईला हे सांगायला विद्यापीठ कशाला हवं, पण असू दे.

शिकवणीचं तर बोलायलाच नको. शनिवारी सकाळी आमच्या भागात भाड्यानं घेतलेल्या हॉलांमध्ये सराव परीक्षा असतात. मुलं आत, आईबाप बाहेर गाडीत, थर्मासमधला चहा, काचेवर वाफ. दोन-अडीच तासांनी पोरं बाहेर येतात तेव्हा प्रत्येक गाडीचं दार उघडतं आणि पहिला प्रश्न एकच असतो, आणि तो "भूक लागली का?" हा नसतो. २०१३ मध्ये आमच्या काउंटीनं परीक्षाच बदलून पाहिली. डरहम विद्यापीठाच्या केंद्रानं केलेली नवी परीक्षा आणली, तिच्यासाठी शिकवणीचा उपयोग होणार नाही, असं सांगून. शिकवणीवाल्यांनी नवीन पुस्तकं छापली. काही वर्षांनी काउंटी जुन्या कंपनीकडे परत गेली. आपल्याकडे स्कॉलरशिप चौथी-सातवीची पाचवी-आठवीला नेली तेव्हा गाईडवाल्यांनी मुखपृष्ठ बदललं, तसलाच प्रकार.

माझ्या मनातली खरी अढी वेगळ्याच संध्याकाळी बसली. मुलीच्या परीक्षेनंतर, निकालाच्या आधी, शाळा बघायला जायचे दिवस असतात. आमच्या घरामागेच एक अपर स्कूल आहे. ग्रामर नसलेल्या शाळेला इथं अपर स्कूल म्हणतात. गेलो. विज्ञानाच्या प्रयोगशाळेत एका तरुण शिक्षकानं मुलीच्या तळहातावर साबणाचा फेस ठेवला, त्यात गॅस भरलेला होता, आणि पेटवला. क्षणभर तिच्या हातावर ज्वाळ उभी राहिली आणि गेली, हात थंडच. (हात आधी ओला करतात, हे मला नंतर कळलं, तोवर माझा जीव गेला होता.) ती इतकी हरखली की तिनं पुन्हा करायला लावलं. मी म्हटलं, फार छान शिकवता तुम्ही. तो हसून म्हणाला, "तुम्ही निकालाची वाट बघताय ना? ऑक्टोबरपर्यंत इथं येणारे सगळेच वाट बघत असतात." त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, सवय होती. दर वर्षी तो दोनेकशे हातांवर ज्वाळ पेटवत असणार आणि त्यातले जे सगळ्यात जास्त प्रश्न विचारतात ते पुढच्या सप्टेंबरला रस्त्यापलीकडच्या बसस्टॉपवर उभे दिसत असणार.

आपण वाद घालतो तो ग्रामर शाळा चांगली की वाईट असा. चांगलीच असते ती, तिचं आवारसुद्धा चांगलं असतं. ती जिथं असते तिथं बाजूच्या शाळेचं काय होतं, हे बघायला हवं. आमच्या भागात कॉम्प्रिहेन्सिव्ह शाळा नाही आणि होऊही शकत नाही, कारण तीसेक टक्के मुलं दारात यायच्या आधीच वेगळी काढलेली असतात, आणि जी येतात त्यांना ते माहीत असतं. शिक्षक कितीही जीव तोडून शिकवोत, अंगणात उभं राहून कोण आलं नाही याचीच मोजदाद होते. हा पंक्तिप्रपंच आहे, आणि तो वाढणाऱ्याच्या हातून नाही, पंगत मांडतानाच होतो. दोन करंज्यांच्या त्या मुलाचा रिव्ह्यू फेटाळला गेला. या सप्टेंबरपासून तो त्या घरामागच्या शाळेत जातो. गणपतीत भेटला तेव्हा मी विचारलं, फेसाचा प्रयोग झाला का? "पहिल्याच आठवड्यात!" म्हणाला, आणि हात पुढे करून दाखवला, जणू अजून खूण असेल. त्याची आई म्हणाली, "बारावीला बदलता येतं गं, ग्रामरला तेव्हा काही जागा निघतात." बारावीला निघतात, हे खरं आहे. पण तो बिचारा आत्ता सातवीत आहे आणि त्याला आवडतंय.

आता धाकट्याची पाळी. तो चौथीत आहे. आकृत्यांमध्ये त्याला काडीचा रस नाही. गटात न बसणारी ओळखा म्हटलं तर प्रत्येक आकृती का बसत नाही याचं कारण देतो, आणि कारणं बरी असतात. इथं सरकारी प्राथमिक शाळेत जाणारं काउंटीतलं मूल परीक्षेला आपोआपच बसतं. नको असेल तर पालकांनी तसं कळवायचं. म्हणजे न बसवण्यासाठी अर्ज, बसवण्यासाठी काहीच नाही. मी नवऱ्याला म्हटलं, बसू दे, पण शिकवणी लावायची नाही. तो म्हणाला, "म्हणजे बाकीच्यांनी लावायची, आपण तत्त्व सांभाळायचं, आणि त्याचं बिल पोरानं भरायचं?" मी म्हटलं, मग नावच काढू. तो म्हणाला, "आणि उद्या तो म्हणाला, ताईला संधी दिलीत, मला का नाही?" मी म्हटलं, त्याला ती शाळा मानवेल असं तुला वाटतं का? तो म्हणाला, "मला वाटून काय उपयोग, ते तर एकशे एकवीस ठरवणार." मग थोडा वेळ आम्ही भांडी घासली. शेवटी जानेवारीत निवांत बसून बोलू, असं ठरलं. शिकवणीवाल्या बाईंची पुढच्या वर्षीची यादी डिसेंबरातच भरते, हे दोघांनाही माहीत आहे.